पाणी प्यायलं की दुखतं

माझी मुलगी दोन वर्षांची झाली आणि तिला ताप यायला लागला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. हुडहुडी भरून यायचा, तीन-चार दिवस राहायचा, औषधाने उतरायचा आणि महिन्या-दीड महिन्याने परत हजर. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही नाशिकला सिडकोत दोन खोल्यांत राहायचो: मी, नवरा, सासूबाई आणि ही पोर. नवरा आणि मी दोघंही सातपूरला नोकरीला, पण वेगळ्या कारखान्यांत. तो मशीनवर, तीन पाळ्यांत. मी तपासणी विभागात, कायम दिवसपाळी. मशीनवरून उतरलेला माल गेज लावून मापाला बरोबर आहे का ते बघायचा, चुकलेला नग बाजूला काढायचा आणि तो का चुकला ते लिहून ठेवायचं, हे माझं काम.

सासूबाई म्हणाल्या, दातांचा ताप आहे. दात येऊन झाले तेव्हा म्हणाल्या, उष्णता आहे, आणि धन्या-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. डॉक्टर म्हणायचे व्हायरल. असं वर्षभर चाललं. मग आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून मी तिला एका वयस्कर बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पोट तपासलं, जुने कागद पाहिले आणि विचारलं, "हिची लघवी कधी तपासली का?"

कोणीच तपासली नव्हती. मलाही कधी सुचलं नव्हतं.

तीन वर्षांच्या मुलीची लघवी बाटलीत धरणं सोपं नसतं. मी मोरीत तिच्यासमोर तासभर उकिडवी बसले होते. नळ सोडला, गाणी म्हटली, शेवटी तिला हसू आलं तेव्हा काम झालं. रिपोर्टमध्ये पू होता. दुसऱ्या तापातही होता. तेव्हा डॉक्टरांनी एक एक्स-रे काढायला सांगितला, रंगाचा.

त्या एक्स-रेबद्दल मला आधी नीट कोणी सांगितलं नव्हतं. बारीक नळी लघवीच्या जागेतून आत घालतात, नळीतून रंगाचं औषध मूत्राशयात सोडतात आणि मूल लघवी करत असताना फोटो काढतात. भूल नाही. टेबल गार होतं. मी तिचे दोन्ही हात धरून उभी होते, अंगावर शिशाचं जड जॅकेट. ती म्हणाली, "आई, यांना थांबायला सांग ना."

मी म्हणाले, "नाही सांगणार. आपण वीसपर्यंत मोजू. वीस झाले की संपेल."

वीसला संपलं नाही. आम्ही चार वेळा वीस मोजले. पण ते झालं, आणि फोटोत दिसलं ते डॉक्टरांनी मला खिडकीच्या उजेडात धरून दाखवलं. लघवी किडनीतून खाली मूत्राशयात येते आणि परत वर जाऊ नये अशी तिथे निसर्गाने सोय केलेली असते. किडनीतून येणारी नळी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते, त्यामुळे मूत्राशय भरलं की ती आपोआप दाबली जाते. हिची डावी नळी सरळ शिरली होती. लघवी करायला बसली की निम्मी खाली यायची आणि निम्मी उलटी किडनीकडे जायची. बरोबर जंतू घेऊन.

"म्हणजे व्हॉल्व्ह लीक आहे," मी म्हणाले.

डॉक्टर हसले. "तसंच समजा. पुष्कळ मुलांचा वाढत्या वयाबरोबर आपोआप नीट होतो. तोपर्यंत जंतू होऊ द्यायचे नाहीत."

मग रोज झोपताना एक लहान चमचा औषध सुरू झालं. तीन वर्षं. लग्नाला गेलो, देवाला गेलो, सुरगाण्याला नवऱ्याच्या मित्राच्या शेतावर गेलो, बाटली बरोबर. एकदाही चुकलं नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. तरी ती सहा वर्षांची असताना चार महिन्यांत दोनदा सणसणून ताप आला. मुंबईला नेऊन किडनीचा स्कॅन केला. डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला डाग पडला होता. डाग म्हणजे तेवढा भाग कायमचा गेला.

आमच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका सर्जनकडे पाठवलं. ते लहान मुलांची ऑपरेशनं करायचे आणि एक शनिवार सोडून नाशिकला यायचे. उंच, शांत माणूस, फार बोलायचे नाहीत. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. औषध चालू ठेवून थांबायचं. किंवा पोट उघडून नळी नव्याने बसवायची. ते ऑपरेशन खात्रीचं, पण मोठं. किंवा दुर्बीण आत घालून नळीच्या तोंडाखाली एका जेलचं इंजेक्शन द्यायचं. तिथे लहानसा फुगवटा तयार होतो आणि तोंड दाबून धरतो. टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. तेव्हा ते तंत्र आपल्याकडे नवीनच होतं.

नवऱ्याचं म्हणणं थांबू या. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला भूल देऊन आत दुर्बिणी कसल्या घालता?" तो डाग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आणखी एक ताप म्हणजे आणखी एक डाग, एवढंच मला कळत होतं. मी म्हणाले, इंजेक्शन करायचं. मी हट्टाने म्हणाले, हे मला मान्य आहे.

सर्जननी सही घेण्याआधी सगळं सांगितलं होतं. थोडं रक्त येईल, जळजळ होईल, एका इंजेक्शनने काम झालं नाही तर पुन्हा द्यावं लागेल, आणि क्वचित सूज येऊन किंवा फुगवटा जास्त होऊन वाट बंद होऊ शकते. मी मान हलवली. मी त्यांना उलट एकच प्रश्न विचारला होता: बरी होईल ना? दिवसभर मालात काय बिघडलं ते शोधायचा पगार घेणारी बाई मी, आणि तिथे बिघाडाचं वाक्य माझ्या कानावरून गेलं.

शनिवारी सकाळी नाशिकच्याच हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात ती बाहेर आली. संध्याकाळी बिस्किट मागितलं. लघवी जरा गुलाबी होती, ती असणारच असं नर्सने सांगितलं. रविवारी घरी आणली. मी शेजारणीला म्हणालेसुद्धा, "काहीच वाटलं नाही बघा."

रविवारी दुपारनंतर ती डाव्या कुशीवर हात ठेवून बसायला लागली. सोमवारी सकाळी पोहे खाल्ले आणि ओकली. मग शांत झाली, टीव्ही बघत बसली. मग पुन्हा कळ आली आणि ती गुडघे पोटाशी घेऊन आडवी पडली. ताप नव्हता. हॉस्पिटलला नेलं. सर्जन मुंबईला परत गेले होते, तिथे एक तरुण डॉक्टर होता. चांगला होता तो, हे आधी सांगते. त्याने पोट तपासलं, लघवी तपासायला पाठवली, तिच्याशी गप्पा मारल्या.

"ताई, ताप नाही, जंतू नाहीत. भुलीनंतर पोटात गॅस होतो आणि इंजेक्शनच्या जागी दोन-चार दिवस दुखतं. दुखणं थांबायचं औषध देतो. भरपूर पाणी पाजा, म्हणजे आतलं सगळं धुऊन निघेल."

पाणी पाजा हे वाक्य सासूबाईंना फार पटलं. पहिल्यांदाच कोणा डॉक्टरने त्यांच्या मनासारखं काही सांगितलं होतं. सोमवारी दुपारपासून त्या ग्लास घेऊन तिच्या मागे. जवाचं पाणी, नारळपाणी, सरबत. पोरही बिचारी आजीच्या शब्दाबाहेर नव्हती, नाक दाबून प्यायची. आणि तासाभरात कण्हायला लागायची.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तिच्याकडे बघून चप्पल न काढता दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मी म्हणत होतो थांबू या म्हणून."

मी तिच्या पायांवर चादर ओढली.

मंगळवारी मी रजा टाकली. कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि सकाळपासून लिहायला बसले. किती वाजता काय प्यायली, किती वाजता कळ आली, किती वेळ राहिली, कधी ओकली, लघवीला कधी गेली. दुसरं काय करावं ते मला येत नव्हतं. दुपारी बारा वाजता पान बघितलं. चार वेळा ती पाणी किंवा सरबत प्यायली होती. चारही वेळा पाऊण तासाच्या आत कळ आली होती. मध्ये दोन तास झोपली, काही प्यायली नाही, तेव्हा शांत होती.

सासूबाई ग्लास घेऊन आल्या. मी म्हणाले, "आई, थांबा. आत्ता नका देऊ."

"अगं, डॉक्टरनी सांगितलंय."

मी त्यांना पान वाचून दाखवलं. त्यांना लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण चार ओळी ऐकल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला. जरा वेळाने म्हणाल्या, "कालपण असंच होत होतं. मीच पाजत होते." त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. मुलगी अंथरुणावरून म्हणाली, "मी सांगत होते ना. पाणी प्यायलं की दुखतं."

खरंच सांगत होती ती. आदल्या दिवसापासून सांगत होती. आम्हाला वाटत होतं, पाणी प्यायचा कंटाळा आला म्हणून म्हणते.

मला किडनीतलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं की वरून पाणी येतंय आणि खाली जायला वाट नाही. हॉस्पिटलला फोन केला, तो तरुण डॉक्टर वॉर्डात नव्हता. मी कोणाची चिठ्ठी न घेता तिला रिक्षात घातलं आणि शालिमारच्या बाजूला, जिथे तिच्या आधीच्या सोनोग्राफ्या झाल्या होत्या तिथे गेले. दुपारचा दीड वाजला होता. तिथल्या डॉक्टरबाई जेवायला उठत होत्या.

"कोणी पाठवलंय?"

"कोणी नाही. मीच आले. शनिवारी हिच्या डाव्या नळीला इंजेक्शन दिलंय आणि पाणी प्यायली की हिला कळ येते." मी कॅलेंडरचं पान पुढे केलं.

त्यांनी ते पूर्ण वाचलं. मग डबा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "झोपवा तिला."

पडद्यावर मला नेहमी राखाडी ढगच दिसायचे. या वेळी मलाही फरक दिसला. उजवी किडनी घेवड्याच्या दाण्यासारखी आणि डावीच्या मध्यभागी काळं तळं. बाईंनी खाली मूत्राशयाजवळ यंत्र फिरवलं, तिथला फुगवटा मोजला, नळी कुठपर्यंत फुगलीय ते मोजलं. मग मशीन थांबवून म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. वाट बंद झालीय. वरून लघवी तयार होतेय आणि उतरत नाहीये."

बरोबर आहे म्हणाल्या तेव्हा मला रडू आलं. तोवर आलं नव्हतं.

त्यांनी स्वतःच्या फोनवरून मुंबईला सर्जनना लावला आणि आकडे सांगितले. मग फोन मला दिला. ते म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं होतं त्यातली ही गोष्ट झालीय. तुम्ही काही चुकीचं केलं नाही. तिला आत्ता हॉस्पिटलात भरती करा, तोंडाने पाणी देऊ नका. ताप आला तर लगेच कळवा, मग सकाळची वाट बघायची नाही. नळीतून आत एक बारीक स्टेंट घालावा लागेल, म्हणजे सूज उतरेपर्यंत लघवी त्यातून वाहील. या वयाच्या मुलीला लागतो तेवढा बारीक स्टेंट नाशिकला मिळणार नाही. मी सकाळच्या गाडीने घेऊन येतो."

"तुमचा दिवस शनिवार आहे," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

"उद्याच येतो," ते म्हणाले.

भरती करताना तो तरुण डॉक्टर धावत आला. सोनोग्राफी पाहून त्याचा चेहरा उतरला. "ताई, मी काल सोनोग्राफी सांगायला हवी होती," म्हणाला. अशा वेळी माणसं कारणं देतात, त्याने दिली नाहीत. मी त्याला ते पान दाखवलं. त्याने दोन वेळा वाचलं आणि तिच्या केसपेपरला टाचणी लावून जोडून ठेवलं.

बुधवारी दहाच्या सुमाराला सर्जन आले, एका हातात बॅग आणि दुसऱ्यात पुठ्ठ्याचं लांबट पाकीट. माझ्यासमोर आणि नवऱ्यासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, पण या वेळी मी प्रत्येक वाक्य थांबवून विचारलं. स्टेंट गेला नाही तर? तर पाठीतून किडनीत नळी घालून लघवी बाहेर काढायची. ती किती दिवस? काही आठवडे. आणि सूज उतरलीच नाही तर? तर पोट उघडून नळी नव्याने बसवायची, जे मोठं ऑपरेशन टाळायचं म्हणून आपण इथवर आलो ते. किडनीला धोका? "आज काढली वाट तर फारसा नाही. म्हणून तर आज." मग मी सही केली. नवऱ्याने माझ्या सहीखाली त्याची सही केली. तिथे एकाचीच लागत होती.

अर्धा तास गेला, तास गेला. नवरा बाकावर बसला होता, मी उभी होते. तो म्हणाला, "सोमवारी मी बोललो ते..." आणि थांबला. मी म्हणाले, "राहू दे." तो म्हणाला, "नाही, ते बोलायला नको होतं. थांबलो असतो आणि ताप आला असता तर तू मला काहीच बोलली नसतीस." हे खरं होतं की नाही मला माहीत नाही. कदाचित मीही बोलले असते. पण मी त्याच्या शेजारी बसले.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीखालून घाम गळत होता. "गेला," एवढंच म्हणाले. मग सांगितलं की तोंड सापडायलाच वेळ लागला, स्टेंटच्या आधी घालायची तार दोनदा परत आली, तिसऱ्यांदा गेली. आणि स्टेंट वर पोहोचला तसा आतून लघवीचा लोंढा आला. दुपारी तिला पाणी द्यायला परवानगी मिळाली. तिने ग्लासाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मी आग्रह केला नाही. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनीही केला नाही. तासाभराने तिनेच एक घोट घेतला आणि कुशीवर हात ठेवून वाट बघत बसली. आम्ही तिघंही वाट बघत बसलो. पाऊण तास झाला, एक तास झाला. मग तिने उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

स्टेंट सहा आठवडे आत होता. त्याचाही त्रास होताच. सारखी लघवीला लागायची, जळजळायचं, धावली की लघवी लाल व्हायची. शाळेतून दोनदा ओल्या कपड्यांनी घरी आली. दुसऱ्यांदा मी शाळेत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "मधल्या सुट्टीशिवाय कोणालाच सोडत नाही. नियम सगळ्यांना सारखा."

मी डॉक्टरांचं पत्र दिलं. त्या म्हणाल्या, एकीला सोडलं की सगळ्या मागतील.

"मागू द्या की," मी म्हणाले. "मला मुलींचं स्वच्छतागृह बघायचंय."

बघितलं. चार जागा, दोन दारांना कडी नाही, एक दार बंद करून त्यात खडूचे खोके ठेवलेले, नळाला पाणी नाही. मी मुलीला विचारलं, बाकीच्या काय करतात? ती म्हणाली, "कोणीच जात नाही. सगळ्या धरून ठेवतात." तिला आमच्या डॉक्टरांनी लघवी तुंबवू नको म्हणून बजावलं होतं आणि तिच्या वर्गातल्या तीस-पस्तीस मुली रोज शाळा सुटेपर्यंत तेच करत होत्या.

शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी उभी राहायला लागले. कामावरून तासभर लवकर सुटायचे, त्या बदल्यात शनिवारी जास्त थांबायचे. आयांना सांगायला लागले. आधी सगळ्या लाजल्या. लघवी हा काही रस्त्यात उभं राहून बोलायचा विषय नव्हता. मग एकीने हळूच सांगितलं, माझ्या मुलीलापण सारखी जळजळ होते. मग आणखी एकीने. आठ-दहा जणी मिळून मोठ्या बाईंकडे गेलो. भांडलो नाही. आम्ही काय काय करून देऊ ते सांगितलं आणि त्यांनी काय करायचं ते मागितलं. नवऱ्याने एका रविवारी खोके हलवून, ड्रिल नेऊन चारही दारांना नव्या कड्या बसवल्या. पाण्याचं पिंप आलं, ते भरायची जबाबदारी शाळेच्या मावशींवर ठरली. दर दोन तासांनी मुलींना सोडायचं, हे मोठ्या बाईंनी वर्गावर्गात जाऊन सांगितलं. पुढे त्या मला म्हणाल्या, "मी स्वतः बारा वर्षं इथे दिवसभर पाणी पीत नव्हते." माझा त्यांच्यावरचा राग तिथेच संपला.

स्टेंट निघाला. सोनोग्राफीत किडनीतलं तळं आटलं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा तो रंगाचा एक्स-रे. ती आता सात वर्षांची होती, तिने मला हात धरू दिले पण वीस मोजायला नको म्हणाली. फोटो आला. डावी नळी चोख, एक थेंब वर गेला नव्हता. आणि उजवी, जी आजवर चांगली होती, तिच्यातून थोडी लघवी वर चढताना दिसत होती.

सर्जन म्हणाले की असं होतं कधीकधी. एका बाजूचा उलटा प्रवाह बंद झाला की दुसरीकडचा कमकुवतपणा उघडा पडतो. आधी तिथे दिसला नव्हता एवढंच. मी खुर्चीत बसून राहिले. पुन्हा पहिल्या पायरीवर आल्यासारखं वाटलं. पण ते वाटणं मी फार वेळ टिकू दिलं नाही. पिशवीतून वही काढली.

"डॉक्टर, उजव्या बाजूला काय काय करता येईल ते सांगा. आणि प्रत्येकात काय काय बिघडू शकतं ते आधी सांगा."

ते पाऊण तास बोलले. त्या माणसाला मी एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. इंजेक्शन पुन्हा देता येईल. पण उजवीकडचा प्रकार सौम्य आहे, डाग नाही, वय वाढतंय. थांबता येईल. थांबायचं असेल तर रात्रीचं औषध चालू, दर दोन-अडीच तासांनी लघवी, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही कारण भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं, आणि ताप आला की त्याच दिवशी तपासणी. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. या खेपेला आम्ही दोघांनी मिळून थांबायचं ठरवलं. आधी घेतलेला निर्णय चूक होता असं मला आजही वाटत नाही. डावी किडनी त्यानंतर कधी बिघडली नाही. त्या वाटेवर एक खड्डा होता, त्यात आम्ही पडलो आणि बाहेर आलो.

थांबणं हेही कामच होतं. सकाळी उठल्यावर, शाळेला निघताना, शाळेत दोनदा, घरी आल्यावर, खेळायला जाताना, जेवणाआधी, झोपताना. ती चिडायची. "माझ्या मैत्रिणींना कोणी विचारत नाही," म्हणायची. मी म्हणायचे, विचारायला हवं. सासूबाईंनी पपई, भिजवलेले मनुके आणि रोज एक पालेभाजी आपल्या ताब्यात घेतली. पिंपळगावहून त्यांचा भाचा द्राक्षं आणायचा, त्यातली अर्धी त्या गच्चीवर वाळवून तिच्यासाठी मनुके करायच्या. पहिली दोन वर्षं त्या तिला स्वतःहून पाणी देत नव्हत्या. "तुला हवं तेव्हा पी" म्हणायच्या आणि ती पीत असली की तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या.

त्या हॉस्पिटलात नंतर एक बदल झाला, तो मला त्या तरुण डॉक्टरने सांगितला. असं इंजेक्शन दिलेल्या प्रत्येक मुलाची तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करायची असं त्याने मागे लागून ठरवून घेतलं होतं. कधी कधी तो मला फोन करून एखाद्या आईशी बोलायला सांगायचा. मी बोलायचे. करा किंवा करू नका असं कधी सांगितलं नाही. आमच्या बाबतीत काय झालं तेवढं सांगायचे, आणि एक गोष्ट: मूल काय म्हणतंय ते ऐका, तुम्हाला वेड्यासारखं वाटलं तरी लिहून ठेवा.

ती नऊ वर्षांची असताना शेवटचा एक्स-रे झाला. दोन्ही बाजू कोरड्या. सर्जननी फोटो उलटसुलट करून पाहिला आणि रात्रीचं औषध बंद केलं. डावी किडनी उजवीपेक्षा थोडी लहान राहिली आहे, वर्षातून एकदा रक्तदाब बघायचा, एवढं सांगितलं. घरी आल्यावर मी ती बाटली फेकली नाही. दोन महिने फडताळात तशीच होती.

औषध बंद झाल्यावर सहाव्या-सातव्या महिन्यात एका सकाळी ती अंथरुणात कुडकुडताना दिसली. अंग भाजत होतं. मी तपासणीची बाटली पुढे केली, तिने लगेच लघवी धरून दिली. नवऱ्याने पहिली पाळी सोडली आणि बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेला. मी तिला त्याच वयस्कर बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी कुशीत दाबून पाहिलं, दुखत नव्हतं. मग म्हणाले, "तोंड उघड." बॅटरी मारली, चमच्याने जीभ दाबली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "घसा लाल आहे हो."

"नुसता घसा?"

"नुसता घसा. सगळ्या मुलांना होतो तसा."

लघवीचा रिपोर्ट दुपारी आला, स्वच्छ होता. नवऱ्याने तो तीन वेळा वाचून दाखवला. सासूबाईंनी मिठाचं कोमट पाणी केलं आणि तिला गुळण्या करायला मोरीत उभं केलं. ती कुरकुरत होती, पाणी खारट आहे म्हणत होती. मी दारात उभी राहून ऐकत होते. मग डबा भरला आणि उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी दुसऱ्या पाळीच्या बसने कामावर गेले.